माणसाळलेला

६ ऑक्टोबर

वाघ नाही. अस्वल नाही. डॉक्टरबाईंनी पहिलं नाव घेतलं ते आमच्या धाकट्याचं!

सकाळी साहेबांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं होतं. एरवी अशा बैठकीला मला कोणी विचारत नाही. पाट्या रंगवणाऱ्याचं तिथे काय काम? पण आज पाट्याच ठरायच्या होत्या, म्हणून भिंतीला टेकून उभा राहिलो. विषय असा — पिंजऱ्यातला एखादा प्राणी सुटला, तर बघायला आलेल्या लोकांना सगळ्यात जास्त धोका कोणापासून? त्यावरून प्रत्येक पिंजऱ्यावर एक रंगीत चकती लागणार. हिरवी म्हणजे हाकत हाकत परत आणायचा. पिवळी म्हणजे भुलीची सुई मारायची. तांबडी म्हणजे लोकांत शिरला तर कोणाला विचारत बसायचं नाही. गोळी.

मग काय, ज्याला त्याला आपापलाच प्राणी भयंकर वाटायला लागला. वाघाकडचे काका म्हणाले, यात विचारण्यासारखं काय आहे? अस्वलाकडचे म्हणाले, वाघ निदान पोट भरलं की झोपतो, आमची बाई जेवल्यावरसुद्धा चिडलेलीच असते. काकांनी लगेच विचारलं, "आमची म्हणजे कुठली, इथली की घरची?" साहेबसुद्धा हसले. तिकीटखिडकीवरच्या बाईंचं म्हणणं, माकडं. त्यांचा चष्मा मागे माकडाने नेला होता आणि झाडावर बसून घातला होता, तेव्हापासून त्यांना दुसरं कोणी दिसतच नाही.

डॉक्टरबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, सुटलेला वाघ आधी आडोसा शोधेल. घाबरलेलं जनावर माणसापासून लांब पळतं. माणसाची भीतीच नसलेलं जनावर सरळ लोकांत येतं. हरणाचा नर, बाटलीवर वाढवलेला, शिंगं आलेला, त्यात हे माजाचे दिवस. त्याला माणूस म्हणजे दुसरा नर वाटतो, आपल्या जागेत घुसलेला. तेव्हा तांबड्यात पहिलं नाव — धाकटा.

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. हरणं बाबांकडे असतात, आणि धाकटा तर आमच्या घरात वाढलेला.

बाबा खाली चपलांकडे बघत होते. म्हणाले, "लिहा." एवढंच.

मला तिथून निघून जावंसं वाटलं.

७ ऑक्टोबर

बाबा काल जेवले नाहीत. आज जेवले, पण ताटात काय आहे हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

एकदाच मान वर करून विचारलं, "तुला काय वाटतं रे, त्या चकतीचं?" मी म्हणालो, मला काय वाटायचंय, बाई शिकलेल्या आहेत. ते "हं" म्हणाले आणि ताट उचलून घेऊन गेले. चुकीचं बोललो का मी? दुसरं काय बोलायला हवं होतं?

धाकटा ही आईची देणगी. म्हणजे नाव आईचं. त्याची आई त्याला जन्म देऊन गेली, आणि बाबांनी तो ओला गोळा स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आणला. आईने चुलीजवळ खोकं ठेवलं, त्यात माझी जुनी चादर. बाटलीने दूध पाजताना म्हणायची, "मोठा तर शाळा सोडून बसला. आता हा धाकटा तरी नाव काढेल." मी चिडायचो. खरंच चिडायचो — हरणाच्या पाडसावर! ते घरभर टापांचा आवाज करत तिच्यामागे फिरायचं. ती पोळपाटाशी बसली की तिच्या पदराचं टोक चोखत उभं राहायचं. वर्षाचा झाला तेव्हा त्याला कुंपणात नेऊन सोडला. त्यानंतरच्या वर्षी आई आजारी पडली. मग गेली.

शेवटी तिला चालवत नव्हतं, तरी एकदा बघायला आली होती. त्याने जाळीतून तिचा हात चाटला. ती म्हणाली, "ओळखलं मेल्याने."

मला त्याचं तसं काही नाही. मी जनावरांत रमणारा माणूस नव्हे. दुपारी डबा घेऊन त्याच्या कुंपणाशी बसतो ते बाबांना सोबत म्हणून. बाबांचं मात्र सगळं त्याच्यात अडकलं आहे. तांबडी चकती त्यांना सोसणार नाही.

८ ऑक्टोबर

कार्यालयातून पाट्यांचा मजकूर आला. हिंस्र हा शब्द चार ठिकाणी, चारही ठिकाणी त्यात फुकटचा त घुसवलेला. मी दुरुस्त करून रंगवला. त्याबद्दल कोणी आभार मानत नाही, पण चुकला असता तर दहा वर्षं माझ्या नावाने हसले असते.

९ ऑक्टोबर

सगळ्या चकत्या कापून, रंगवून झाल्या. तांबड्या सगळ्यात नीट जमल्या, कडेला एक थेंब ओघळला नाही. त्याचाच राग आला.

दुपारी बाबा रंगखोलीत आले. एरवी वासाने त्यांना खोकला येतो म्हणून दारातूनच बोलतात. आज आत आले. चकत्यांकडे बघून म्हणाले, "धाकट्याची इतक्यात लावू नकोस. थोडं थांब. जमेल तेव्हा मीच लावीन." मी बरं म्हणालो. ती चकती फळीवर बाजूला ठेवली आहे. पुसून टाकलेली नाही, फक्त थांबवली आहे. साहेबांनी विचारलं तर वाळायची आहे म्हणेन.

पाटीवर काय लिहायचं तेही बाबांनीच सुचवलं. वर "हरीण (नर)", त्याखाली एकच शब्द — माणसाळलेला. मी तेवढं घेऊन डॉक्टरबाईंना दाखवायला गेलो. वाटलं, त्या नको म्हणतील. उलट म्हणाल्या, "हाच शब्द हवा. त्याच्यात काय वाईट आहे ते यातच आलं."

आमच्याकडे हा शब्द असाच वापरतात. नवा माणूस कामाला लागला की त्याला पहिल्या दिवशी सांगतात, रानातून आणलेल्याला पाठ दाखवलीस तर चालेल, माणसाळलेल्याला दाखवू नकोस. माणसाळलेल्या नराच्या कुंपणात शिरताना छातीसमोर लाकडी फळी धरतात. बाबा मात्र कधी धरत नाहीत. निदान मी बसलेला असतो तेव्हा तरी मी पाहिलेली नाही. रिकाम्या हाताने जातात, त्याच्या मानेवर थापटतात, माझ्याकडे बघून हसतात.

तर शब्द बाबांनाही आवडला, बाईंनाही. बाबांना तो गोड लागला असणार आणि बाईंना कडू, पण शब्द एकच, आणि खोटा नाही. मला फार हायसं वाटलं. स वर, ळ वर हात जराही हलला नाही.

११ ऑक्टोबर

पाटी लावली. लांबूनही वाचता येते.

१४ ऑक्टोबर

आज डबा खाताना ऐकलं.

एक आजोबा होते, बरोबर नात. आजोबांनी पाटी मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाले, "बघ, हे माणसाळलेलं आहे. काही करत नाही. जा, हात लाव." ती पोरगी कठड्याखालून वाकून जाळीपर्यंत गेलीसुद्धा! बाबा पलीकडून धावत आले, तिला दंडाला धरून मागे ओढलं. आजोबा रागावले. म्हणाले, हरणाला भितात होय? आम्हाला वाचता येतं.

माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. मला एकदाही सुचलं नव्हतं. एकदाही! तो शब्द कुंपणाच्या आतल्या लोकांना एक सांगतो आणि बाहेरच्यांना बरोबर उलटं सांगतो. आणि पाटी तर बाहेरच्यांसाठी असते.

नंतर बघत बसलो. पाटी नव्हती तेव्हा लोक त्याची शिंगं बघून लांब उभे राहायचे. आता वाचतात आणि पुढे सरकतात. बाबा दुपारभर तिथेच उभे होते. "मागे व्हा, मागे व्हा," करत. त्यांना धाकट्याला कोणी त्रास दिलेला खपत नाही.

डॉक्टरबाई परगावी गेल्या आहेत, पुढच्या आठवड्यात येतील. साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "शब्द चुकलाय का?" नाही म्हणालो. "मग बाई आल्यावर बघू."

१५ ऑक्टोबर

खाली "जवळ जाऊ नका" एवढं लिहिलं तर? रंग आहे, ब्रश आहे, हात आहे. पण मजकुरात आपल्या मनाने अक्षर घालायचं नाही ही कामाची पहिली अट. शुद्धलेखन माझं, मजकूर त्यांचा.

आणि बाबा काय म्हणतील? त्यांनीच दिलेला शब्द. त्याच्याखाली मीच तसं लिहिलं तर त्यांना वाटेल पोरगाही उलटला.

बाई येऊ देत.

१६ ऑक्टोबर

आज बाबांशी बोललो. म्हणजे बोलायला गेलो. लोक फसतात त्या पाटीने, असं म्हणालो. ते म्हणाले, "मी उभा असतो ना तिथे." मी म्हटलं, तुम्ही रोज कुठवर उभे राहणार? त्यावर म्हणाले, "माज उतरेपर्यंत. मग काही नाही." आणि मग मला विचारलं, तू हल्ली डबा नीट खात नाहीस का.

विषय तिथेच राहिला.

१८ ऑक्टोबर

नीट क्रमाने लिहिलं नाही तर पुढे माझं मलाच खरं वाटणार नाही.

काल सकाळी साहेबांनी बाबांना कार्यालयात बोलावलं. बाबा नसताना हरणांना चारा टाकायला बागेतला नवा माळी आला. तो झाडांकडचा माणूस, जनावरांकडे आजवर गेलेला नाही. कुंपणाला दोन फाटकं आहेत, एकामागे एक. बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. त्याने पाटी वाचली. वाचून दोन्ही उघडी ठेवली आणि चाऱ्याची गाडी आत ढकलत नेली. नंतर रडत मला म्हणाला, "तिथे लिहिलं होतं ना, माणसाळलेला म्हणून." अक्षर माझं.

मी ओरडा ऐकून रंगखोलीतून बाहेर आलो. पण तो ओरडा एकट्या माळ्याचा. लोक ओरडतच नव्हते! धाकटा वाटेच्या मधोमध उभा होता आणि लोक पळायचं सोडून त्याच्याभोवती गोळा झाले होते. मोबाइल वर धरून. एक जण शेजारणीला सांगत होता, घाबरू नका, ते माणसाळलेलं आहे. एक बारकी मुलगी हातात बिस्कीट घेऊन पुढे झाली. धाकट्याने मान खाली घातली. तिला वाटलं असेल, बिस्किटासाठी. तो पुढच्या पायाने माती उकरत होता.

बाबा कार्यालयाकडून धावत आले. मी त्यांना कधी धावताना बघितलं नव्हतं, त्या दिवशी त्या नातीला ओढलं तेवढंच. हातात काही नाही. ते मुलगी आणि धाकटा यांच्या मध्ये शिरले आणि मुलीला मागे ढकललं. धाकट्याने त्यांना उचललंच. मग खाली दाबून धरलं. शिंगं आणि जमीन यांच्या मध्ये बाबा.

तेव्हा कुठे लोक पळाले.

बंदूकवाला आला. बंदूक खांद्याला लावली, नेम धरला आणि थांबला. कुंपणावर चकती शोधत होता. चकती नव्हती. ती माझ्या फळीवर, कधीची वाळलेली. त्याने मला बघितलं. म्हणाला, "रंग कुठला? लवकर बोल. तांबडा की पिवळा?"

पिवळा म्हटलं असतं तर सुई. सुई चढायला वेळ लागतो, आणि बाबा खाली होते.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडात माती होती. ते काहीतरी म्हणाले. मला "नको" एवढंच ऐकू आलं.

मी म्हणालो, "तांबडा."

धाकटा पडला तो बसल्यासारखा पडला. पुढचे पाय दुमडून. खोक्यात बसायचा तसा.

१९ ऑक्टोबर

बाबा दवाखान्यात आहेत. चार बरगड्या मोडल्या, एक फुप्फुसाला लागली आहे. वाचतील म्हणतात. मुलीला खरचटलंसुद्धा नाही.

दिवसभर खाटेशी बसलो. बाबांनी डोळे उघडले की छताकडे बघतात. माझ्याकडे नाही.

२० ऑक्टोबर

आज एक वाक्य बोलले. "तू तिथे यायला नको होतंस."

मी खुर्ची मागे घेतली आणि बाहेर येऊन जिन्यात बसलो.

२१ ऑक्टोबर

वाघाकडचे काका डबा घेऊन आले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, तू बापाला वाचवलंस, दुसरं कोणी असतं तर ततपप करत बसलं असतं. मी मान हलवली. त्यांना कुठे माहीत आहे? बाबा नको म्हणाले होते. मी ऐकलं होतं. ऐकूनही म्हणालो.

आईने त्याला धाकटा म्हटलं तेव्हा मला मोठा केलं. मोठ्याने काय करायचं असतं?

सारखं एकच येतं डोक्यात. बाबांनी सांगितलं होतं, थांब. मी चकती थांबवली, आणि ऐन वेळी शब्द मात्र नाही थांबवला. बाबांच्या जागी मी असतो तर मीही माझ्याकडे बघितलं नसतं.

२२ ऑक्टोबर

कुंपण धुऊन काढलं आहे. पाटी काढायला मलाच पाठवलं. खिळे काढताना जाळीला त्याचे केस अडकलेले दिसले, तांबूस, मऊ. मान घासायचा तिथे. मी ते खिशात घातले. बाबा बरे झाले की देईन. घेतील का माहीत नाही.

डबा तिथेच बसून खाल्ला. सोबतीला कोणी नसताना तिथे बसायचं काही कारण नव्हतं.

पाटी घरी आणली नाही. रंगखोलीत पालथी टाकली आहे.

२३ ऑक्टोबर

बाबांना आज उठवून बसवलं. मी पाठीशी उशी लावत होतो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. धरून ठेवलं. मी म्हणालो, बाबा, चुकलं माझं. त्यांना जोरात खोकला आला, परिचारिका धावत आली, मला बाहेर काढलं. उत्तर राहिलं.

उत्तर नसलं तरी चालेल. त्यांचा धाकट्यावर किती जीव होता ते मला माहीत आहे.

२४ ऑक्टोबर

डॉक्टरबाई आल्या होत्या. बाबांना झोप लागली होती, म्हणून आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी म्हणालो, बाई, तुम्ही बैठकीत त्याचं नाव घेतलंत ना, बाबा तेव्हाच खचले.

त्या म्हणाल्या, "ते नाव मी नव्हतं काढलं रे. आदल्या आठवड्यात तुझे बाबाच माझ्याकडे आले होते. सदरा वर करून बरगडी दाखवली, काळीनिळी पडली होती. म्हणाले, पहिलं नाव धाकट्याचं घ्या, पण मी सांगितलं असं म्हणू नका. रोज दुपारी मुलगा त्याच्यापाशी जेवायला बसतो. आईचं तेवढंच उरलंय त्याला."